नसलेला काळा पूल : एका ग्रीक बेटाची बदलती नावं

२०२१ च्या ऑगस्टमध्ये ग्रीसमध्ये मोठे वणवे लागले. पाइनची जंगलं पेटली आणि किनाऱ्यावर अडकलेल्या लोकांना फेरीबोटींतून बाहेर काढावं लागलं. त्या बातम्यांत एका बेटाचं नाव सारखं येत होतं, ते म्हणजे 'एव्हिया'. प्राचीन ग्रीसच्या इतिहासाचं पुस्तक उघडलं तर हेच बेट 'युबिया' म्हणून भेटतं. सोळाव्या शतकातल्या इटालियन नकाशात त्याच जागी 'नेग्रोपोन्ते' लिहिलेलं असतं, आणि ऑटोमन तुर्कांच्या दफ्तरात 'एग्रीबोझ'. नवख्या वाचकाला ही चार वेगळी बेटं वाटली तर त्यात त्याचा काही दोष नाही.

नामांतर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो सरकारी आदेश, नवी पाटी आणि तिच्यावरून झालेली भांडणं. या बेटाच्या बाबतीत असा आदेश निघाला तो अगदी शेवटी, १९व्या शतकात. त्याआधीची नावं लोकांच्या कानांनी आणि जिभांनी घडवली, आणि त्यातही परक्या खलाशांचा वाटा मोठा.

आधी भूगोल पाहू, कारण पुढची सगळी गंमत त्यात आहे. क्रीटनंतरचं हे ग्रीसचं दुसरं मोठं बेट. लांबी साधारण १७५ किलोमीटर, पण अंगाने सडपातळ. अथेन्सच्या उत्तरेला ते मुख्य भूमीला जवळजवळ समांतर पसरलं आहे. मध्ये समुद्राची चिंचोळी पट्टी आहे आणि खाल्किदा या शहरापाशी ती इतकी आवळते की दोन्ही किनाऱ्यांत जेमतेम ४० मीटर पाणी उरतं. बेट म्हणायचं, पण पूल बांधून चालत जाता येतं असं बेट.

लांबट बेट, गायींचं बेट

प्राचीन ग्रीकांकडेच या बेटाची अर्धा डझन नावं होती. भूगोलकार स्ट्रॅबोने ती नोंदवली आहेत. 'माक्रिस' म्हणजे लांबट. हे नाव कुणी जहाजातून किनारा बघत जाताना ठेवलं असणार, नकाशा नसलेल्या काळात तेच दिसतं. 'अबांतिस' हे अबांतेस नावाच्या लोकांवरून आलं. होमरच्या इलियडमध्ये हे अबांतेस मागे लांब केस राखलेले, भाल्याने लढणारे योद्धे आहेत आणि ट्रॉयच्या लढाईला ४० जहाजं घेऊन येतात. मात्र होमर त्यांच्या बेटाला 'एउबोइया' म्हणतो. म्हणजे लोकांचं एक नाव आणि बेटाचं दुसरं, अशी दोन्ही त्या काळी एकाच वेळी चलनात होती. 'ओखे' आणि 'एल्लोपिया' ही आणखी दोन नावं. त्यांच्यात फार अडकायला नको.

यातलं टिकलं ते एउबोइया. 'एउ' म्हणजे चांगलं आणि 'बोउस' म्हणजे गाय किंवा बैल. चांगल्या गुरांचा मुलूख असा त्याचा सरळ अर्थ लागतो. बेटावर कुरणं होती, आणि इथल्या एरेत्रिया शहराच्या जुन्या नाण्यांवर अंग खाजवणारी गाय कोरलेली आहे. एखाद्या शहराने स्वतःच्या पैशावर गाय मिरवावी, याहून बोलका पुरावा कोणता?

पण ग्रीकांना एवढं साधं स्पष्टीकरण पुरत नसे. त्यांच्याकडे त्याची कथा होती. इओ नावाच्या मुलीवर झ्यूसचं मन गेलं, बायकोला कळू नये म्हणून त्याने तिला गाय केलं, आणि ती गाय पुढे देशोदेशी भटकत राहिली. या बेटाच्या एजियन समुद्राकडच्या किनाऱ्यावर 'गायीचा गोठा' नावाची एक गुहा होती. इओ तिथे बाळंत झाली असं लोक सांगत, आणि बेटाचं नाव त्यावरूनच पडलं असावं असं स्ट्रॅबो म्हणतो. हेसिओद या प्राचीन ग्रीक कवीच्या नावावर असलेल्या काही जुन्या ओळींत तर असं आहे की देव या बेटाला पूर्वी अबांतिस म्हणत, झ्यूसने त्या गायीवरून त्याचं नाव एउबोइया ठेवलं. नामांतराचा श्रेयनामा थेट सर्वोच्च देवाच्या नावे लिहून टाकला की वाद मिटतो!

थोडं विषयांतर करतो, पण ते सांगितल्यावाचून राहवत नाही. इसवी सनापूर्वी ८व्या शतकात खाल्किस (म्हणजे आजचं खाल्किदा) आणि एरेत्रिया इथले लोक इटलीच्या किनाऱ्यावर जाऊन वसले. जाताना ते आपली लिपी घेऊन गेले. ती इटलीतल्या एत्रुस्कन लोकांनी उचलली, त्यांच्याकडून रोमनांनी. रोमन लिपीतला 'एक्स' 'क्स' असा उच्चारतात तो याच बेटाच्या वळणाने. पूर्वेकडच्या आयोनियन ग्रीकांच्या लिपीत, जी पुढे सगळ्या ग्रीसने स्वीकारली, तेच चिन्ह 'ख'साठी आहे.

चाळीस मीटर पाण्याचं नाव

आता त्या चिंचोळ्या पट्टीकडे येऊ. तिचं नाव 'एउरिपोस'. ग्रीकमध्ये जोराचा प्रवाह असलेल्या कुठल्याही अरुंद सामुद्रधुनीला हा शब्द वापरत, पण खाल्किसची ही पट्टी इतकी प्रसिद्ध की नुसतं एउरिपोस म्हटलं तरी हीच समजायची. प्रसिद्धीचं कारण तिचं पाणी. प्रवाह काही तास एका दिशेने धो धो वाहतो, थबकतो आणि उलटा फिरतो. एरवी हे दिवसातून साधारण चार वेळा घडतं. महिन्यातले काही दिवस मात्र त्याला ताळतंत्र राहत नाही. ॲरिस्टॉटल आयुष्याच्या अखेरीला अथेन्स सोडून खाल्किसला आला आणि इसवी सनापूर्वी ३२२ मध्ये तिथेच वारला. या प्रवाहाचं कोडं सुटेना म्हणून त्याने त्यातच उडी घेतली, अशी दंतकथा नंतर कुणीतरी रचली. खरी नाही, पण लोकांना त्या पाण्याचं किती नवल वाटे ते तिच्यातून कळतं.

या पट्टीवर पहिला पूल झाला तो राजकारणापायी. इसवी सनापूर्वी ४११ मध्ये बेटाने अथेन्सविरुद्ध बंड केलं. अथेन्सची ताकद आरमारात, त्यामुळे बेट असणं हाच धोका. मग खाल्किसवाल्यांनी समोरच्या बिओशियाच्या लोकांना हाताशी धरून दोन्ही बाजूंनी पाण्यात भराव घातला आणि मध्ये लाकडी पूल टाकला. तेव्हापासून पडत-उभा राहत इथे पूल आहेच. आज दोन आहेत, एक शहरातला सरकता आणि दुसरा १९९३ मध्ये बांधलेला उंच, केबलवर तोललेला. यातला एकही काळा नाही, आणि पूर्वीचा एखादा काळा होता म्हणून बेटाला ते नाव मिळालं असंही नाही. हे का सांगतो आहे ते लवकरच कळेल.

मधल्या शतकांत दोन गोष्टी हळूहळू घडल्या. पहिली अशी की शहराचं खाल्किस हे नाव बोलण्यातून मागे पडलं आणि लोक शहरालाच सामुद्रधुनीच्या नावाने ओळखू लागले. हे स्वाभाविक होतं. व्यापारी येतो तो पाण्याच्या वाटेने. त्याच्या लेखी ठिकाण म्हणजे ती चिंचोळी पट्टी आणि तिच्या काठचा धक्का. दुसरी गोष्ट म्हणजे ग्रीक भाषेचा उच्चार बदलला. 'एउ'चा 'एव्ह' झाला, म्हणून एउरिपोसचं एव्ह्रिपोस झालं. मग बोलीत 'व्ह'चा 'ग' होऊन 'एग्रिपोस'. १२व्या शतकात तुदेलाचा बेंजामिन हा स्पेनमधला ज्यू प्रवासी मुख्य भूमीवरच्या थीब्ज शहरातून इथे आला. त्याने शहराचं नाव लिहिलं 'एग्रिपो', आणि सांगितलं की हे समुद्रकाठचं मोठं शहर आहे, इथे चहूकडून व्यापारी येतात.

आता पुढची पायरी. ग्रीकमध्ये नामाच्या आधी उपपद लागतं आणि ते विभक्तीप्रमाणे बदलतं. 'एग्रिपोसला' म्हणायचं तर 'स्तोन एग्रिपो'. आता ग्रीक न येणाऱ्या इटालियन खलाशाच्या जागी उभे राहा. धक्क्यावर विचारलं, कुठे निघालात? उत्तर येतं 'स्तोनेग्रिपो'. शब्द कुठे तोडायचा हे त्याला कसं कळणार? तो तोडतो 'स्तो – नेग्रिपो' असा. उपपदाचा 'न' नावाला चिकटला तो कायमचा.

मग 'नेग्रिपो' हा आवाज इटालियन कानात शिरला. तिथे 'नेग्रो' म्हणजे काळा हा शब्द आधीच तयार बसलेला. उरला 'पो'. समोर काय दिसतं? पूल. पुलाला इटालियनमध्ये 'पोन्ते'. झालं नेग्रोपोन्ते, काळा पूल! अनोळखी शब्दाला आपल्या भाषेतला ओळखीचा अर्थ चिकटवून घ्यायचा, या सवयीला भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणतात. जगात ती सगळीकडे चालते, पण न बांधलेला काळा पूल नकाशावर शेकडो वर्षं उभा राहण्याचं उदाहरण विरळाच.

शहराने बेट गिळलं

१२०४ मध्ये चौथ्या क्रुसेडच्या (ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या) सैन्याने जेरुसलेमची वाट सोडून ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपलच (आजचं इस्तंबूल) लुटलं आणि बायझंटाइन साम्राज्याचे तुकडे पाडले. हे बेट व्हेरोनाकडच्या तीन सरदारांत वाटलं गेलं. काही वर्षांतच व्हेनिसने बंदरात आपला अधिकारी बसवला आणि १४व्या शतकाच्या अखेरीस कारभार जवळपास पूर्ण आपल्या हाती घेतला. व्हेनिसला बेटाच्या डोंगरांत फारसा रस नव्हता, हवं होतं ते बंदर. त्यांच्या कागदांत नेग्रोपोन्ते हे आधी शहराचं नाव होतं, मग शहराच्या ताब्यातल्या सगळ्या मुलखाचं झालं. सामुद्रधुनीचं नाव शहराला, शहराचं बेटाला. एउबोइया उरलं ते शिकलेल्यांच्या ग्रंथांत.

क्रीटमध्येही नेमकं हेच झालं. ९व्या शतकाच्या पूर्वार्धात अंदालुसियातून हाकलले गेलेले अरब तिथे पोहोचले. त्यांनी भोवती चर खणून किल्ला वसवला. अरबीत अशा चराला 'खंदक' म्हणतात. हो, तोच खंदक, जो फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि आपल्या भुईकोटांभोवती आजही दिसतो. अरबांच्या त्या 'खंदक'चं ग्रीकांनी 'खान्दाक्स' केलं, व्हेनिसने 'कान्दिया', आणि मग पुस्तकांतून, नकाशांतून सबंध क्रीट बेटालाच कान्दिया म्हणू लागले. त्या शहराची तुर्कांनी केलेली नाकेबंदी १६४८ पासून १६६९ पर्यंत, एकवीस वर्षं चालली. युरोपात ती 'कान्दियाचा वेढा' म्हणूनच ओळखली जाते. ते शहर म्हणजे आजचं इराक्लिओ.

उपपद चिकटण्याचा प्रकारही एकट्या नेग्रोपोन्तेचा नाही. कोस बेटाला जायचं तर ग्रीक माणूस म्हणणार 'स्तिन को'; त्यावरून व्हेनिसवाल्यांनी 'स्तान्कियो' केलं आणि तुर्कांनी 'इस्तानक्योय'. लेम्नोसचं झालं 'स्तालिमेने'. इओस बेटाला तर खुद्द ग्रीक लोकच 'न्यो' म्हणू लागले. या मालिकेतलं सगळ्यात मोठं नाव सगळ्यांना माहीत आहे. 'एइस तिन पोलिन' किंवा बोलीतलं 'स्तिम्बोली', म्हणजे 'शहराला' किंवा 'शहरात'. त्यावरून इस्तंबूल आलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. एवढी बेटं आणि शहरं केवळ 'कुठे निघालात?' या प्रश्नाच्या उत्तरातून नाव मिळवून बसली आहेत.

१४७० च्या उन्हाळ्यात ऑटोमन सुलतान दुसरा मेहमेद, ज्याने सतरा वर्षांपूर्वी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं होतं, सैन्य घेऊन समोरच्या किनाऱ्यावर आला. होड्यांचा पूल बांधून त्याने सैन्य बेटावर उतरवलं आणि १२ जुलैला शहर पडलं. इटलीत छापखाना नुकताच रुजत होता. नेग्रोपोन्ते पडल्याची बातमी आणि त्यावरची शोककाव्यं छापून विकली गेली. छापील बातमीचं युरोपातलं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. शहर व्हेनिसच्या हातून गेलं, पण ते नाव नेमकं तेव्हाच घराघरात पोहोचलं. त्यानंतर जवळपास चार शतकं पश्चिम युरोपने बेटाला याच नावाने ओळखलं, तिथे राज्य तुर्कांचं असूनही.

तुर्कांनी इटालियन नाव घेतलं नाही. त्यांनी स्थानिकांकडून एग्रिपोस ऐकलं आणि त्याचं 'एग्रीबोझ' केलं. त्यांनाही त्यात आपला शब्द सापडण्यासारखा होता, कारण तुर्कीत 'एग्री' म्हणजे वाकडं. (आजच्या तुर्की उच्चारात त्यातला 'ग' जवळपास ऐकूच येत नाही.) एग्रीबोझ हे त्यांच्या सांजाकचं, म्हणजे जिल्ह्याचं, नाव झालं. या जिल्ह्यात समोरच्या मुख्य भूमीचा मोठा तुकडा होता, आणि त्यात थीब्ज आणि अथेन्सही होतं! ॲरिस्टॉटलने ज्या शहरातून पळ काढला ते, पार्थेनॉन या प्राचीन मंदिराचं शहर, सरकारी कागदोपत्री चाळीस मीटर पाण्याच्या नावाने चालणाऱ्या जिल्ह्यात मोडत होतं. १६८८ मध्ये व्हेनिसचा सेनापती मोरोसिनी याने शहर परत घ्यायचा प्रयत्न केला. आदल्याच वर्षी त्याच्या तोफांनी पार्थेनॉनचा स्फोट घडवला होता. इथे मात्र त्याच्या सैन्यात रोगराई पसरली आणि वेढा उठवावा लागला.

आदेशाने आलेलं नाव

१८२१ च्या उठावानंतर १८३० मध्ये ग्रीस स्वतंत्र झाला आणि १८३३ मध्ये हे बेट नव्या राज्याच्या ताब्यात आलं. नव्या राज्याला आपण प्राचीन अथेन्सचा नेता पेरिक्लीस याचे वारस आहोत हे जगाला दाखवायचं होतं, स्वतःलाही पटवायचं होतं. त्यामुळे नकाशावर जुनी नावं परत आली. बेट पुन्हा एउबोइया झालं, शहर पुन्हा खाल्किस. बाजारात लोक अजून एग्रिपोसच म्हणत होते, पण शाळा, टपाल आणि कचेऱ्या यांच्यापुढे बोलीतलं नाव किती दिवस टिकणार?

हा धडाका पुढे गावागावांत पोहोचला. १९०९ मध्ये लोकसाहित्याचे अभ्यासक निकोलाओस पोलितिस यांच्या अध्यक्षतेखाली स्थलनामांची समितीच नेमली गेली. तुर्की, स्लाव्ह, अल्बेनियन वळणाची हजारो गावनावं त्यानंतरच्या दशकांत बदलली. या बेटाच्या दक्षिण भागात आर्वानितिका ही अल्बेनियन कुळातली बोली बोलणारे लोक शतकानुशतकं राहत आलेले आहेत. बेटाचं जुनं नाव परत आलं याचं मला वाईट वाटत नाही, ते दोन-अडीच हजार वर्षं ग्रंथांत जिवंत होतं. पण ज्या गावाला प्राचीन नावच नव्हतं त्यालाही एक संस्कृतनिष्ठ म्हणावं तसं नवं ग्रीक नाव चढवायचं, ही हौस जरा जास्तच झाली. तिथल्या लोकांनी ठेवलेली नावं त्यात पुसली गेली, आणि लोकसाहित्याच्या अभ्यासकाच्या देखरेखीखाली पुसली गेली.

आता राहिला एक प्रश्न. जुनंच नाव परत आणलं, तर पुस्तकात युबिया आणि बातमीत एव्हिया असं का? कारण परत आलं ते फक्त लिखाण. ग्रीक लिपीत होमरच्या प्रतीतलं नाव आणि आजच्या रस्त्यावरच्या पाटीवरचं नाव यांत अक्षरांचा फरक नाही. उच्चार मात्र पार बदललाय. 'एउ'चं 'एव्ह' झालं, 'ब'चा 'व', आणि 'ओइ'ची नुसती 'ई'. अशा रीतीने एउबोइयाचं एव्हिया झालं. आपण 'ज्ञ' हे अक्षर संस्कृतातलंच लिहितो आणि मराठीत 'द्न्य' म्हणतो, तसलाच हा प्रकार. युबिया हा उच्चार तर ना जुन्या ग्रीकांचा ना नव्यांचा. तो लॅटिन लिखाण इंग्रजी पद्धतीने वाचल्यामुळे झाला आणि इंग्रजी पुस्तकांमार्फत आपल्याकडे आला.

प्रत्येक बेटाची गोष्ट अशीच संपली असं मात्र नाही. थिरा या प्राचीन नावाचं बेट आज सगळं जग सान्तोरिनी म्हणून ओळखतं. संत इरिनीच्या नावावरून इटालियन खलाशांनी ते नाव रूढ केलं. सरकारी नाव थिरा झालं तरी पर्यटनाच्या बाजाराने सान्तोरिनीला हात लावू दिला नाही, आणि तिथले लोकही दोन्ही वापरतात. केर्किराला परदेशी माणूस अजून कोर्फूच म्हणतो. नेग्रोपोन्तेचा असा कोणी वाली राहिला नाही, कारण या बेटावर सुट्टीला येणारे बहुतेक ग्रीकच असतात.

मराठीत लिहिताना मी काळ बघून नाव वापरतो. होमर किंवा ॲरिस्टॉटलचा विषय असेल तर युबिया, रूढ झालंय म्हणून. व्हेनिसच्या सत्तेबद्दल लिहायचं तर नेग्रोपोन्ते, पण पहिल्यांदा येईल तिथे कंसात युबिया द्यायचं, नाहीतर वाचक भलत्याच समुद्रात शोधत बसेल. आजच्या बातमीत एव्हिया. शहराच्या बाबतीत आणखी सांभाळावं लागतं. इंग्रजी पुस्तकांतलं कॅल्सिस (Chalcis), प्राचीन खाल्किस आणि अथेन्सच्या रेल्वे वेळापत्रकातलं खाल्किदा हे एकच ठिकाण आहे.